शार्कसमोर कॅमेरा

कोकणपट्टीच्या माणसाला शार्क मासा अपरिचित नाही. मालवणच्या किंवा गोव्याच्या मासळीबाजारात मोरी अथवा मुशी या नावाने लहान शार्क नित्य विकला जातो. तथापि टोपलीत पडलेली मुशी आणि स्वतःच्या राज्यात संचार करणारा चार मीटर लांबीचा शार्क यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शतकानुशतके माणसाने मोठा शार्क पाहिला तो जहाजाच्या कठड्यावरून किंवा गळाला लागून तडफडताना. त्यामुळे त्याच्याविषयीचे ज्ञान खलाशांच्या गोष्टींवर पोसलेले होते. पाण्याखाली हा प्राणी प्रत्यक्षात कसा वागतो याची जाण आली ती विसाव्या शतकात, आणि त्या जाणिवेचा मोठा वाटा छायाचित्रकारांच्या हौसेकडे जातो.

याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. रानातल्या वाघाचे छायाचित्र मचाणावर बसून, लांब पल्ल्याचे भिंग लावून घेता येते. समुद्रात ही सोय नाही. अत्यंत निर्मळ पाण्यातही असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात, आणि कॅमेरा व प्राणी यांत जितके पाणी अधिक तितके चित्र धुरकट. शिवाय पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग प्रथम गिळते. पाच-सात मीटर खोलीवरच रक्तसुद्धा काळपट हिरवे दिसू लागते. सपाट काचेतून पाहिले म्हणजे पाण्यातील वस्तू एक चतुर्थांशाने जवळ भासते, ही आणखी एक फसगत. म्हणून पाण्याखालच्या छायाचित्रकाराला उपाय एकच: रुंद कोनाचे भिंग घ्यायचे, शक्यतो उष्ण कटिबंधातील उथळ, उजेडाचा तळ गाठायचा आणि विषयाच्या अगदी निकट जायचे. निकट म्हणजे हातभर किंवा दोन हात. प्राणी शार्क असला तरी या नियमाला अपवाद नाही.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ याने १८९३ साली बान्युल्स येथील सागरी प्रयोगशाळेजवळ समुद्रतळावर कॅमेरा ठेवून छायाचित्रे घेतली. त्या काळच्या काचांना उजेड फार लागे. एकेका चित्रासाठी अर्धा अर्धा तास झडप उघडी ठेवावी लागे. इतका वेळ स्थिर राहतील ते दगड आणि शेवाळ; शार्कची गोष्टच नको.

शार्क पडद्यावर आला तो बहामा बेटांजवळ. जॉन अर्नेस्ट विल्यमसन याच्या वडिलांनी पोलादी कड्यांची, भात्यासारखी लांबणारी एक नळी तयार केली होती. तिच्या खालच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेला गोल जोडून विल्यमसनने १९१४ साली त्यात कॅमेरा उतरवला आणि नासाऊच्या स्वच्छ पाण्यात चलच्चित्रे घेतली. चित्रपटाला काहीतरी थरारक हवे होते. मेलेला घोडा आमिष म्हणून सोडला गेला आणि शार्क गोळा झाले. विल्यमसनच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार, ठरवलेल्या पाणबुड्याची झुंज कॅमेऱ्याच्या टापूबाहेर झाली, तेव्हा त्याने स्वतःच सुरा घेऊन उडी मारली आणि खिडकीसमोर एक शार्क ठार केला. धाडसाबद्दल शंका नाही. पण शार्कच्या पहिल्या महत्त्वाच्या चित्रीकरणाचा विषय शार्क नव्हे, तर शार्कचा वध हा होता. पुढची कित्येक वर्षे हाच कित्ता गिरवला गेला.

हा कित्ता मोडणारा माणूस व्हिएन्नाचा होता. १९१९ साली जन्मलेला हान्स हास कायद्याचा अभ्यास करीत असता १९३७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गेला. तेथे गाय गिलपॅट्रिक हा अमेरिकन लेखक बुडी मारून भाल्याने मासे टिपत असे. त्याच्यापासून हासने हा छंद उचलला, परंतु लवकरच त्याला भाल्यापेक्षा कॅमेऱ्याचे वेड अधिक लागले. १९३९ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांना घेऊन तो कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर पोहोचला. श्वसनाची उपकरणे त्यांच्याजवळ नव्हती. डोळ्यांवर चष्मा, पायांत रबरी पंख, पाणी शिरू न देणाऱ्या पेटीत कॅमेरा आणि छातीत मावेल तेवढा श्वास, एवढीच त्यांची सामग्री. पिंजरा नव्हता, सुरक्षित गोलही नव्हता.

शार्क प्रथमच समोर आला तेव्हा तिघांनाही भय वाटले असणार. परंतु चित्र हवे तर जवळ जाणे भाग होते, आणि जवळ जाताच एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्याच्याकडे माणूस सरळ पोहत जातो तो शार्क बहुधा अंगावर येत नाही. तो वळतो, अंतर राखतो, पुन्हा कुतूहलाने परत येतो. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा धर्म. सामोरा येणारा प्राणी त्याला संभ्रमात टाकतो. एका प्रसंगी शार्क फारच जवळ येताच हासने पाण्यातच मोठ्याने आरोळी ठोकली आणि तो मासा दचकून पळाला. पुढे इतर समुद्रांत ही युक्ती सर्वत्र लागू पडली नाही. पण पोथ्यापुराणांतला नरभक्षक एका आरोळीने पळतो, हे पाहिल्यावर जुन्या कल्पना शाबूत राहणे शक्य नव्हते.

इतक्यात युरोपात महायुद्ध पेटले. अटलांटिकची वाट बंद झाल्याने ही मंडळी अमेरिका, जपान, चीन आणि सैबेरिया असा पृथ्वीला वळसा घालून मायदेशी परतली. हासने कायदा सोडून प्राणिशास्त्र घेतले आणि १९४३ साली डॉक्टरेट मिळवली. १९५० साली तांबड्या समुद्रात, पोर्ट सुदानजवळ, त्याच्या मोहिमेत लोटे बाइर्ल ही तरुणी होती. मूळची ती त्याची चिटणीस. स्त्रीला अशा मोहिमेत नेण्यास त्याची तयारी नव्हती, म्हणून तिने त्याच्या नकळत बुडी मारण्याचा आणि छायाचित्रणाचा सराव केला. शार्कांच्या मधोमध पोहणाऱ्या या मुलीने प्रेक्षकांच्या मनावर जो परिणाम केला तो कोणत्याही शास्त्रीय निबंधाने झाला नसता. त्या मोहिमेवरील चित्रपटाला १९५१ साली व्हेनिस येथे पारितोषिक मिळाले. त्याच समुद्रात व्हेल शार्क या सर्वांत मोठ्या माशाचेही चित्रीकरण झाले.

जुनी वृत्ती मात्र सहजासहजी गेली नाही. झाक-इव्ह कूस्तोच्या १९५६ च्या ‘शांत जग’ या गाजलेल्या चित्रपटात मेलेल्या व्हेलच्या पिलावर तुटून पडलेल्या शार्कांना खलाशी सूडाने कापून काढतात, आणि कॅमेरा ते कौतुकाने टिपतो. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. आज ते दृश्य पाहवत नाही. पीटर गिंबेलच्या १९७१ च्या चित्रपटात ऑस्ट्रेलियाचे रॉन व व्हॅलरी टेलर आणि त्यांचे सहकारी दर्बानपासून दूर, मेलेल्या व्हेलभोवती जमलेल्या मोठ्या शार्कांत पिंजरा सोडून बाहेर पडले आणि जिवंत परतले. त्याच टेलर दांपत्याने ‘जॉज’ या १९७५ च्या चित्रपटासाठी खऱ्या पांढऱ्या शार्कची दृश्ये टिपून दिली, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. त्या चित्रपटाने जगभर जे भय पसरवले ते निस्तरण्यात पुढे टेलर दांपत्याने, आणि मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंच्ली यानेही, आयुष्याची बरीच वर्षे घालवली.

गुजरातच्या वाचकांना या इतिहासातले एक पान जवळचे वाटेल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. माइक पांडे यांनी ती चित्रित केली आणि २००० साली त्यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा अनुबोधपट पुढे आला. २००१ साली भारत सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या माशाचा समावेश केला. विल्यमसनच्या काळी कॅमेऱ्यासाठी शार्क मारला गेला. येथे मारलेल्या शार्कच्या चित्राने पुढची हत्या थांबवण्यास हातभार लावला.

विल्यमसनच्या त्या बहामा बेटांतही काळ पालटला. ग्रँड बहामाच्या पश्चिम टोकापासून उत्तरेला, सुमारे सहा मीटर खोलीच्या पांढऱ्या वाळूच्या तळाला ‘टायगर बीच’ म्हणतात. तेथे पट्टेदार टायगर शार्क आणि लेमन शार्क छायाचित्रकारांपासून हाताच्या अंतरावर फिरतात. वाटाड्या सोबत काठी बाळगतो आणि नवख्यांना दोन गोष्टी बजावतो: हात अंगाशी ठेवा आणि शार्ककडे पाठ फिरवू नका. टायगर शार्क संथ असतो, पण नजर चुकली की मागून येतो. त्याच्या मुस्कटावरील सूक्ष्म छिद्रे क्षीण विद्युतक्षेत्रही ओळखतात. त्यामुळे कॅमेऱ्याच्या धातूकडे आणि दिव्यांकडे तो ओढला जातो आणि कधी कधी ते तोंडात धरून पाहतो. घुमटाकार काचेवर दातांचे ओरखडे घेऊन परतलेले छायाचित्रकार पुष्कळ आहेत. या पाहुण्यांमुळे बेटांना उत्पन्न मिळू लागले, आणि २०११ साली बहामा सरकारने आपल्या सुमारे ६,३०,००० चौरस किलोमीटर सागरी हद्दीत शार्कच्या व्यापारी मासेमारीस बंदी केली.

मात्र शार्क तेथे जमतो तो माशांच्या आमिषासाठी, छायाचित्रासाठी नव्हे, हे विसरून चालत नाही. शेजारच्या फ्लॉरिडाने २००१ साली पाण्याखाली शार्कना खाऊ घालण्यास मनाई केली ती याच कारणाने. २००८ साली बहामाच्या पाण्यात आमिष लावून चाललेल्या एका बुडीत शार्कने पायाला चावा घेतल्याने एक युरोपीय पर्यटक दगावला. निकट जाण्याची सक्ती पाण्याची आहे; बोलावणे धाडण्याची युक्ती माणसाची आहे, आणि तिची जबाबदारीही त्याचीच.

दरम्यान छायाचित्राला एक नवे काम मिळाले आहे. व्हेल शार्कच्या पाठीवरील ठिपक्यांची रचना प्रत्येक माशात निराळी असते. आकाशातील ताऱ्यांचे समूह जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी वापरलेली गणिती रीत २००५ च्या सुमारास या ठिपक्यांना लागू करण्यात आली. आता कोणा हौशी पर्यटकाने घेतलेले चित्रही दुसऱ्या समुद्रातील, दुसऱ्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहता येते आणि तोच मासा आहे की नाही हे ठरते. एवढेच की चित्र बहुधा डाव्या अंगाचे, कल्ल्यांच्या लगेच मागच्या भागाचे लागते. आणि तेही, नेहमीप्रमाणे, जवळून घेतलेले.