फ्लॉपीत मावलेले डायनासोर

११ जून १९९३ रोजी ‘ज्युरासिक पार्क’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या वेळी अनेक चित्रपटगृहांत टायरॅनोसॉरसची डरकाळी फिल्मच्या रिळातून येत नव्हती, ती येत होती सीडी-रॉममधून. डीटीएस नावाच्या नव्या पद्धतीत डिजिटल आवाजासाठी फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा छापलेल्या असत आणि प्रोजेक्टरला जोडलेलं यंत्र त्या खुणा वाचून सीडीवरचा आवाज चित्राशी जुळवून घेई. ही डरकाळी तयार झाली तीही डिजिटल यंत्रावर. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती घरातल्या कॉम्प्युटरवर ऐकू येऊ लागली: कधी मशीन सुरू होताना, कधी चुकीचं बटण दाबल्यावर, कधी रिसायकल बिन रिकामा करताना. त्या काळच्या मशीनमध्ये ती मावली कशी, याचा इतिहास फार कमी वेळा सांगितला गेला आहे. सामान्य माणसाने कॉम्प्युटर आपलासा करून घेतल्याचा इतिहास त्यातच दडलेला आहे.

पडदा सजवण्याची सोय त्याआधी हळूहळू वाढत गेली होती. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर पार्श्वभूमीसाठी आठ बाय आठ ठिपक्यांची काळी-पांढरी नक्षी बदलता येत असे, बस इतकंच. १९९० मध्ये विंडोज ३.० आलं आणि त्याच्यासोबत वॉलपेपर आला. एखादं छोटं चित्र फरशीसारखं पडदाभर पसरायचं किंवा मोठं चित्र मध्यभागी ठेवायचं, असे दोन पर्याय होते. १९९२ च्या विंडोज ३.१ ने आवाजाची सोय दिली. ‘टाडा’, ‘चाइम्स’, ‘डिंग’ अशा नावांच्या फाइली सोबत येत आणि मशीन सुरू होणं, बंद होणं, धोक्याची सूचना अशा मोजक्या घटनांना त्या जोडता येत.

विंडोज ३.१ मध्ये हे सगळं ‘विन डॉट आयएनआय’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. कंट्रोल पॅनेलमधून बदल केला तरी तो शेवटी तिथेच उमटे. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, ‘साउंड्स’ या मथळ्याखालची ‘टाडा’ची ओळ शोधायची आणि त्या जागी डरकाळीच्या फाइलचं नाव लिहायचं. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की टी-रेक्स ओरडे. प्रोग्रामिंगचा एकही धडा न घेतलेल्या असंख्य लोकांनी आपल्या कॉम्प्युटरच्या आतली फाइल पहिल्यांदा उघडली ती अशाच एखाद्या हौसेपायी.

पण हौसेला मापाची मर्यादा होती.

तेव्हाचा साधारण पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. २५६ रंगांत प्रत्येक ठिपक्याला एक बाइट लागतो. म्हणजे पूर्ण पडद्याचं एक चित्र ३,०७,२०० बाइटचं. तेच चित्र छायाचित्रासारख्या पूर्ण रंगांत ठेवलं तर ९,२१,६०० बाइट. विंडोज ९५ चालवायला किमान ४ एमबी मेमरी पुरेल असं सांगितलं जाई. त्यात वॉलपेपरने इतकी जागा अडवणं परवडण्यासारखं नव्हतं. शिवाय २५६ रंगांपैकी २० रंग विंडोज स्वतःच्या चौकटी, बटणं, मेनू यांसाठी राखून ठेवी. चित्रकाराच्या वाट्याला उरत २३६. जंगलाच्या हिरव्या छटा, कातडीचे तपकिरी खवले आणि संध्याकाळचं आकाश एवढ्यात बसवायचं, तर ठिपक्यांच्या दाटी-विरळीतून नसलेल्या रंगाचा भास निर्माण करावा लागे. त्या काळच्या डायनासोर-चित्रांना जो खरखरीत पोत दिसतो तो या तडजोडीतून आलेला आहे. आणि एवढं करूनही, स्वतःचे वेगळे २३६ रंग घेऊन येणारा दुसरा प्रोग्राम उघडला की मागच्या वॉलपेपरचे रंग बिघडत. हिरवा ट्रायसेराटॉप्स क्षणात जांभळा होई आणि तो प्रोग्राम बंद केला की पूर्ववत दिसू लागे.

आवाजाचं गणित याहून कडक होतं. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. हौशी लोकांनी म्हणून २२,०५० हर्ट्झ, आठ बिट, मोनो असा मार्ग धरला, ज्यात सेकंदाला २२,०५० बाइट पुरत. तीन सेकंदांची डरकाळी ६६,१५० बाइटमध्ये बसे. एक वॉलपेपर आणि असे दहा आवाज मिळून दहा लाख बाइटच्या आत राहत, तर साडेतीन इंची फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत. तेच दहा आवाज सीडीच्या दर्जाचे ठेवले असते तर नुसत्या आवाजांना किमान चार फ्लॉप्या लागल्या असत्या. आवाजाचा दर्जा कमी केला म्हणूनच डायनासोरांचा अख्खा कळप एका फ्लॉपीत बसून मित्राच्या घरी जाऊ शकला.

हे आवाज ऐकायला साउंड कार्ड हवं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर बाजारात आणलं आणि पुढची काही वर्षं ‘साउंड ब्लास्टरशी जुळणारं’ हाच कार्डाच्या दर्जाचा निकष ठरला. कार्ड नसलेल्यांसाठी मशीनच्या आतला बीप वाजवणारा छोटा स्पीकर होता. मायक्रोसॉफ्टचा एक ड्रायव्हर टाकला की विंडोजमधल्या फाइली त्याच्यावरही वाजत, पण आवाज संपेपर्यंत बाकीचं मशीन थबकून राही. टेबलावरच्या लहान स्पीकरांतून खालच्या पट्टीतला गडगडाट उमटतच नसे. चित्रपटगृहात खुर्ची हादरवणारी डरकाळी घरी यायची ती बरीचशी घशात अडकून.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं. त्याचा सुरू होण्याचा आवाज संगीतकार ब्रायन ईनो यांनी रचला होता. मशीनच्या पहिल्या सुरासाठी नामवंत संगीतकाराला बोलवावंसं वाटणं, हीच काळ बदलल्याची खूण होती. त्याच दिवशी ‘मायक्रोसॉफ्ट प्लस’ हे वेगळं विकत घ्यायचं पॅकेज आलं. त्याला ४८६ प्रोसेसर आणि ८ एमबी मेमरी लागे. त्यात ‘डेस्कटॉप थीम’ ही नवी कल्पना होती: वॉलपेपर, आवाज, माउसचे कर्सर, आयकॉन, अक्षरं, खिडक्यांचे रंग आणि स्क्रीन सेव्हर हे सगळं एका क्लिकमध्ये एकदम बदलायचं. लिओनार्दो दा विंची, निसर्ग, खेळ, प्रवास, हिंस्र प्राणी असे विषय त्यात होते आणि प्रत्येक नावापुढे कंसात ही थीम २५६ रंगांची आहे की त्याहून अधिक, हे छापलेलं असे.

डायनासोर त्यात नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये डायनासोरांवरची माहितीपर सीडी काढली होती, पण थीमच्या यादीत त्यांना जागा मिळाली नाही. ती उणीव हौशी लोकांनी भरून काढली. थीमची फाइल पुन्हा साध्या मजकुराचीच होती. कोणत्या घटनेला कोणता आवाज, कोणत्या आयकॉनच्या जागी कोणतं चित्र, हे ओळीओळीने लिहिलेलं. एखादी तयार थीम उघडायची, नावं बदलायची, की नवी थीम तयार. पुस्तकातली चित्रं स्कॅन करून, व्हिडिओ कॅसेटमधला आवाज साउंड कार्डाच्या लाइन-इनमधून उतरवून घेऊन लोकांनी डायनासोरांच्या थीम बांधल्या आणि झिप करून फुकट वाटल्या. बहुतेकांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती, हेही नोंदवायला हवं. सोबत एक ‘रीड मी’ फाइल असे: चित्र कोणत्या फोल्डरमध्ये टाकायचं, आवाज कुठे ठेवायचे, जुना आवाज परत हवा असेल तर काय करायचं. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी मनापासून लिहिलेल्या या सूचना म्हणजे त्या काळातलं मोलाचं लोकशिक्षण आहे.

भारतात ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत आला आणि इंग्रजी न कळणाऱ्या प्रेक्षकांनीही तो डोक्यावर घेतला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेले ‘असेंबल्ड’ पीसी याच काळात मध्यमवर्गीय घरांत शिरत होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण सुरुवातीच्या ९.६ केबीपीएस वेगाने एक एमबी उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी पंधरा मिनिटं लागत आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. त्यामुळे इथे थीमचा प्रवास मुख्यतः हातोहात झाला. ऑफिसात कुणीतरी उतरवलेली फाइल फ्लॉपीवरून घरी, घरून शेजारच्या इमारतीत. नंतर कॉम्प्युटर मासिकांसोबत सीडी मिळू लागल्या आणि त्यांतही वॉलपेपर, आवाज, स्क्रीन सेव्हर भरलेले असत.

या फाइलींमधून जो आवाज घरोघर पोहोचला तो कोणत्याही डायनासोरचा नव्हता. ध्वनिरचनाकार गॅरी रिडस्ट्रॉम यांनी टी-रेक्सची डरकाळी हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघाची गुरगुर आणि मगरीच्या जातीतल्या ॲलिगेटरचा आवाज मिसळून घडवली होती. श्वासासाठी देवमाशाचा उच्छ्वास वापरला होता. रॅप्टरच्या आवाजात मीलनकाळातली कासवं, डॉल्फिन, वॉलरस आणि हंसबदकं होती. या कामाला ऑस्कर मिळालं, आणि जगाने डायनासोरचा आवाज असाच असतो हे मनोमन मान्य केलं.

डायनासोरचा खरा आवाज कसा असेल, याचं विज्ञानाचं उत्तरही कॉम्प्युटरमधूनच आलं. पॅरासॉरोलोफस या शाकाहारी डायनासोरच्या डोक्यावर मागे वळलेला पोकळ तुरा असतो. त्यातून आवाज घुमत असावा, ही कल्पना जुनी. ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बाजारात आलं त्याच महिन्यात, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात त्याची एक उत्तम टिकलेली कवटी सापडली. तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयाने आणि सँडिया प्रयोगशाळेने तिचं सीटी स्कॅन करून तुऱ्यातल्या नळ्यांची डिजिटल प्रतिकृती बनवली, तिच्यातून हवा वाहिली तर काय ऐकू येईल ते गणिताने काढलं आणि डिसेंबर १९९७ मध्ये तो आवाज प्रसिद्ध केला. घशातले मऊ भाग जीवाश्मांत टिकत नाहीत, म्हणून स्वरतंतू असलेला आणि नसलेला असे दोन्ही पर्याय त्यांनी तपासले. निघाला तो खोल, घुमणारा, खालच्या पट्टीतला सूर. पुढे २०१६ मध्ये पक्षी आणि मगरी यांच्या तुलनेतून संशोधकांनी दाखवलं की काही डायनासोर तोंड मिटून, गळा फुगवून घुमत असण्याचीही शक्यता आहे.

चित्रंही मागे पडली. हौशी लोक १९९६ मध्ये खवलेदार रॅप्टर पडद्यावर बसवत होते, त्याच वर्षी चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स या मऊ, पिसांसारखं आवरण असलेल्या डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या गाठी सापडल्या. पण म्हणून त्या जुन्या थीम टाकाऊ ठरत नाहीत. शतकाच्या अखेरीस सामान्य माणसाच्या मनात डायनासोर नेमका कसा दिसत आणि ओरडत होता, याचा तो अस्सल पुरावा आहे.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, छायाचित्रं डिजिटल झाली आणि वॉलपेपरवर घरच्या मुलांचे फोटो आले. मशीनच्या प्रत्येक हालचालीला आवाज जोडण्याची हौस ओसरली. फ्लॉपी, आणि तिच्यासोबत त्या ‘रीड मी’ फाइली, माळ्यावर गेल्या. फ्लॉप्यांचं चुंबकीय आवरण वर्षागणिक निकामी होतं आहे. ज्यांच्याकडे त्या अजून आहेत त्यांनी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवून त्यांची प्रत आजच काढून ठेवली पाहिजे. ८६बॉक्स किंवा पीसीईएमसारख्या इम्युलेटरमध्ये विंडोज ९५ टाकून त्या थीम मूळ रंगांत, मूळ खरखरीसह आजही चालवता येतात.

मूळ सोयही मेलेली नाही. आजच्या विंडोजमध्ये थीमची फाइल अजून मजकुराचीच आहे आणि सूचनांचे आवाज अजून त्याच जुन्या ‘वेव्ह’ प्रकारातले लागतात. म्हणूनच एक राहून गेलेलं काम अजून करता येण्यासारखं आहे. १९९७ मध्येच, सँडियाचा सूर प्रसिद्ध झाला त्या वर्षी, चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावच्या टेकडीवर सापडलेल्या एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचं वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी प्रसिद्ध केलं. २००३ मध्ये त्याला कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नाव मिळालं. महाराष्ट्रातल्या पडद्यांवर अमेरिकेचा टी-रेक्स ओरडत राहिला, पण इसिसॉरस कुणाच्या वॉलपेपरवर चढल्याचं फारसं दिसलं नाही. त्याची थीम बनवायची तर टायटॅनोसॉर कुळाच्या मानाने आखूड मान आणि लांब पुढचे पाय चित्रात नीट दाखवावे लागतील, मागे लामेटा थरांच्या काळातली, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची विदर्भाची भूमी उभी करावी लागेल, आणि धोक्याच्या सूचनेला वाघाची गुरगुर न वापरता बंद तोंडाने काढलेला एक खोल घुमारा जोडून पाहता येईल. आजच्या चांगल्या स्पीकरांतून तो खालच्या पट्टीसकट ऐकू येईल.