एमबीए प्रवेश परीक्षेतील गणित : 'लातूर पॅटर्न'मधून काय घ्यावे, काय सोडावे

लातूर/नांदेड, प्रतिनिधी

बारावीच्या परीक्षेत गणिताला शंभरपैकी पंच्याण्णव गुण मिळवणारा विद्यार्थी चार-पाच वर्षांनी एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसतो आणि गणिताच्या विभागातच अडखळतो, हा अनुभव लातूर आणि नांदेड परिसरात नवा नाही. याउलट, बारावीला जीवशास्त्र घेऊन गणिताला कायमचा रामराम ठोकलेली एखादी विद्यार्थिनी त्याच विभागात त्याच्यापुढे निघून जाते. यात दैवाचा भाग फारसा नसतो. ज्या अभ्यासपद्धतीने या दोन शहरांचे नाव राज्यभर नेले, तिच्यातील काही सवयी या परीक्षेत उपयोगी पडतात, तर काही थेट नुकसान करतात.

'लातूर पॅटर्न'ची ओळख करून देण्याची आता गरज उरलेली नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधून आकाराला आलेल्या या पद्धतीचा गाभा साधा होता. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिका बारकाईने तपासायच्या आणि चुका विद्यार्थ्यासमोर ठेवून पुन्हा चाचणी घ्यायची. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे येतात. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या बंद झाल्या, वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' आली, तरी दोन्ही शहरांतील शिकवण्यांचा भर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशावरच राहिला. व्यवस्थापन शाखेकडे वळणारा विद्यार्थी त्यामुळे बहुधा पदवीच्या शेवटच्या वर्षी जागा होतो आणि हाती असलेली जुनीच पद्धत वापरू लागतो.

परीक्षा नेमकी कशी असते?

राज्यातील एमबीए-एमएमएस प्रवेशासाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष सीईटी घेतो. अलीकडच्या वर्षांत या संगणकीय परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न विचारले जातात. त्यांपैकी गणिताचे ५०, तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांवर आधारित तर्काचे २५ आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आयआयएम संस्थांची 'कॅट' दोन तासांची असून तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात. २०२४ मध्ये तिच्या गणित विभागात २२ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीच्या पर्यायाला वजा एक; मात्र पर्याय नसलेल्या, उत्तर स्वतः टंकित करण्याच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. 'सीमॅट'मध्ये १८० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यांतले २० गणिताचे. तेथे बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक गुण असतो.

हे आकडे कोरडे वाटले तरी सगळा खेळ त्यांच्यातच आहे. सीईटीत एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ४५ सेकंद येतात, कॅटच्या गणितात सुमारे १०९ सेकंद. पहिली परीक्षा वेगाची, तर दुसरी निवडीची. दोन्हींसाठी एकाच पुस्तकातून, एकाच पद्धतीने तयारी करणारे परीक्षार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांची तक्रारही एकच असते : अभ्यास वाढतो, गुण वाढत नाहीत.

पर्सेंटाईलविषयीचा गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. शंभरांतील साधारण नव्वद परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बोर्डाच्या टक्केवारीत वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. कॅटच्या २२ प्रश्नांपैकी निम्मे अचूक सोडवून बाकीचे कोरे ठेवणारा परीक्षार्थी गेल्या काही वर्षांत त्या विभागात नव्वदच्या पुढे गेलेला आहे. दुसरीकडे, सीईटीला लाखाहून अधिक परीक्षार्थी बसत असल्याने एक पर्सेंटाईल म्हणजे हजाराहून अधिक जण. मुंबईचे जमनालाल बजाज आणि लाखो रुपये शुल्क घेऊनही नोकरीची वाट न दाखवणारे एखादे महाविद्यालय यांमधले अंतर अशाच काही पर्सेंटाईलचे असते, आणि ते बरेचदा गणिताच्या विभागात ठरते.

दहावीपर्यंतचेच गणित

विचारले जाणारे गणित आहे तरी कोणते? शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज व चक्रवाढ व्याज, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, मिश्रणे, काळ-काम-वेग, लसावि-मसावि, समीकरणे, थोडी भूमिती, क्रमपर्याय आणि संभाव्यता. कलन, सदिश, त्रिकोणमितीतील लांबलचक सिद्धता यांना येथे स्थान नाही. शेवटचे दोन-तीन घटक वगळले तर जवळजवळ सगळे आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. बारावीला गणित नव्हते म्हणून एमबीएचा विचार सोडून देणे, ही या भागातील जीवशास्त्र गटाच्या विद्यार्थ्यांची चूक अगदी अनाठायी आहे. त्यांना दहावीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागते एवढेच. ते संकोचाने उघडले जात नाही, ही गोष्ट निराळी!

गणित सोपे असेल तर गुण का जातात? एक कारण उत्तर लिहिण्याच्या सवयीत आहे. बोर्डात प्रत्येक पायरीला गुण असतात, म्हणून 'समजा ती संख्या क्ष आहे' येथून सुरुवात करण्याचे वळण हाताला लागलेले असते. येथे पायऱ्या कोणी पाहत नाही. एका संख्येचा तिसरा भाग आणि पाचवा भाग यांतील फरक १६ आहे, तर ती संख्या कोणती, असा प्रश्न घ्या. पर्याय १००, ११०, १२० आणि १३० असतील, तर समीकरण मांडण्याचे कारणच नाही. संख्येला तिनाने आणि पाचाने, म्हणजे पंधराने भाग गेला तर आकडे सुबक जुळतील. असा पर्याय १२० हा एकच. तिसरा भाग ४०, पाचवा २४, फरक १६. दहा-बारा सेकंदांचे काम.

दुसरे कारण अधिक खोल आहे. टक्केवारी कशाची काढायची, हा विचार न करता आकड्यांची वजाबाकी केली जाते. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घेऊन जाणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ओलाव्याचे गणित परिचित असते. समजा, शंभर क्विंटल सोयाबीनमध्ये १९ टक्के ओलावा आहे. वाळवून तो १० टक्क्यांवर आणला, तर वजन किती भरेल? घाईतला परीक्षार्थी १९ मधून १० वजा करतो आणि ९१ क्विंटल या उत्तरावर खूण करतो. प्रश्न रचणाऱ्यानेही तो पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. वाळवताना पाणी जाते, दाणा जात नाही. कोरडा माल ८१ क्विंटल होता, तो ८१ क्विंटलच राहिला. आता तो एकूण वजनाच्या ९० टक्के आहे, म्हणून वजन ९० क्विंटल. सरासरी वेगाच्या प्रश्नांतही हाच सापळा असतो. नांदेडहून लातूरला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेलेली बस त्याच रस्त्याने ताशी ६० ने परतली, तर तिचा सरासरी वेग ५० नव्हे, ४८ भरतो. कारण कमी वेगाने धावण्यात वेळ अधिक गेलेला असतो. असे प्रश्न सूत्र पाठ करून सुटतात खरे, पण शब्द थोडे बदलले की सूत्र हातातून निसटते. 'शॉर्टकट'ची जाडजूड पुस्तके घेऊनही अनेकांचे गुण जागच्या जागी राहतात, ते यामुळेच.

आजोबांचे पाढे

आकडेमोडीचा वेग मात्र पाठांतरानेच येतो आणि त्याबाबत जुन्या मराठी शाळा आजच्या शिकवण्यांच्या पुढे होत्या, असे म्हणावे लागेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एकेकाळी मुलांकडून घोकून घेतले जात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज सांगावे लागते. ज्याला सवायकी येते त्याला ४८ वर २५ टक्के नफा म्हणजे ६० हे कागदाशिवाय कळते. आण्यांच्या हिशेबाचेही तसेच. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून दोन आणे म्हणजे आठवा हिस्सा, साडेबारा टक्के. सहा आणे म्हणजे साडेसदतीस टक्के. ६४० चे साडेसदतीस टक्के काढायचे तर ६४० चा आठवा भाग ८०, त्याची तिप्पट २४०. तीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग, पंधरापर्यंतचे घन आणि एक द्वितीयांश ते एक विसांशपर्यंतच्या अपूर्णांकांची टक्केवारी एवढा ऐवज तोंडपाठ असला की पुरतो. रोज पंधरा मिनिटे दिल्यास दीड-दोन महिन्यांत तो पक्का होतो. कॅटच्या पडद्यावर गणनयंत्र असते, पण माऊसने त्याच्या कळा दाबत बसणे हे तोंडी हिशेबापेक्षा बहुधा वेळखाऊ ठरते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची एक वेगळी अडचण असते. हिशेब येतो, प्रश्नाची इंग्रजी भाषा अडवते. 'अमुकने वाढला' आणि 'अमुकपर्यंत वाढला', 'किमान' आणि 'कमाल', 'निदान एक' आणि 'फक्त एक' यांतील फरक इंग्रजी वाक्यात एखाद्या छोट्या शब्दावर अवलंबून असतो. प्रश्न वाचताच दिलेले काय आणि विचारलेले काय, हे कच्च्या कागदावर दोन शब्दांत टिपण्याची सवय येथे उपयोगी पडते. गणित विभागात गुण कमी पडलेल्यांपैकी कित्येकांना खरे तर महिनाभर इंग्रजीच वाचायला हवे.

चुकांची वही

लातूर पॅटर्नमधून जशीच्या तशी उचलावी अशी गोष्ट म्हणजे चाचणीनंतरची तपासणी. सराव परीक्षा देणारे सगळेच असतात; दिलेली परीक्षा पुन्हा उघडून पाहणारे थोडे. दोन तासांच्या सराव परीक्षेमागे तपासणीला तीन तास द्यावेत, हे प्रमाण अतिशयोक्तीचे नाही. चुकलेला, सुटलेला आणि योगायोगाने बरोबर आलेला असा प्रत्येक प्रश्न वहीत उतरवावा व त्यापुढे कारण लिहावे : संकल्पना माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न चुकीचा वाचला, की मुळात तो हाती घ्यायलाच नको होता? पाच-सहा परीक्षांनंतर वहीच रोगनिदान करते. ज्याच्या निम्म्या चुका वाचनातल्या आहेत त्याने संभाव्यतेचे प्रकरण चौथ्यांदा करून काही साधत नाही. वहीतले प्रश्न दहा दिवसांनी, उत्तर झाकून, पुन्हा सोडवावेत. तेव्हाही अडलेला प्रश्न खऱ्या अर्थाने न आलेला.

सोडून द्यावी अशी गोष्ट म्हणजे एकही प्रश्न न सोडण्याचा हट्ट. बोर्डात तो गुण होता, कॅटमध्ये तो दोष ठरतो. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली, तर चारांत एकदा तीन गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. हिशेब शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर मात्र तीनांत एकदा तीन गुण येऊन दोनदा एकेक जाईल, म्हणजे पदरात एक गुण उरेल. तेव्हा पर्याय बाद करता येत असेल तरच धोका पत्करावा. पहिल्या फेरीत सोपे, दुसऱ्या फेरीत मध्यम प्रश्न घ्यावेत आणि दोन मिनिटांत वाट न दिसलेला प्रश्न मागे टाकावा. बारावीला पंच्याण्णव मिळवणाऱ्याला हेच सर्वांत जड जाते. एका अवघड प्रश्नावर सात मिनिटे घालवून तो सोडवतो, समाधान मिळवतो आणि पुढचे तीन सोपे प्रश्न गमावतो.

सीईटीत याच्या नेमके उलट वागायचे. तेथे वजा गुण नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही. शेवटची तीन मिनिटे राखून उरलेल्या सर्व प्रश्नांवर खुणा कराव्यात. विभागवार वेळेचे बंधनही नसते, त्यामुळे गणित केव्हा हाती घ्यायचे हे सराव परीक्षांतून आधीच ठरवता येते.

परदेशी संस्थांसाठी 'जीमॅट' देणाऱ्यांची वाट थोडी वेगळी. नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या स्वरूपात गणिताचे २१ प्रश्न ४५ मिनिटांत सोडवायचे असतात, भूमिती वगळण्यात आली आहे आणि या विभागात गणनयंत्र मिळत नाही. पुढचा प्रश्न आधीच्या कामगिरीनुसार ठरत असल्याने प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. विभागाच्या शेवटी जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. परीक्षा वर्षभर देता येते, दोन प्रयत्नांत १६ दिवसांचे अंतर लागते आणि गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर कॅट गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होत आली आहे. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने जूनपर्यंत दहावीची पुस्तके संपवून ऑगस्टपासून आठवड्याला एक सराव परीक्षा द्यावी. सीईटी अलीकडे मार्च-एप्रिलच्या सुमारास घेतली जाते आणि पदवीच्या अखेरच्या सत्राची धावपळही साधारण त्याच वेळी सुरू होते, म्हणून तिचा नवा अभ्यास फेब्रुवारीअखेर थांबवून पुढे केवळ ४५ सेकंदांच्या वेगाचा सराव आणि चुकांची वही एवढेच हाती ठेवावे. प्रश्नसंख्या आणि गुणपद्धतीत बदल होत असतात; त्या-त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक अर्ज भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे.