फळीवरचा लोहमार्ग

आगगाडी आणि घर यांचे नाते प्रथमदर्शनी विरोधाचेच वाटते. आगगाडी मनुष्यास घरापासून दूर नेते. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांस तर ती दर काही वर्षांनी एका सरकारी बिऱ्हाडातून उचलून दुसऱ्यात नेऊन सोडते. असे असता गेली सव्वाशेहून अधिक वर्षे जगातील असंख्य माणसे आगगाडीलाच घरात आणून टेबलावर, माळ्यावर किंवा एखाद्या फळीवर मांडीत आली आहेत. या उद्योगास पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्याचा इतिहास पाहू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. मांडणीस मिळणारी जागा जसजशी आकसत गेली, तसतसा हा खेळ गंभीर होत गेला आणि अखेरीस इतिहासलेखनाचाच एक प्रकार होऊन बसला. ते कसे, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

आरंभ अर्थातच खेळण्यापासून झाला. जर्मनीतील गॉपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. खेळण्यातील आगगाड्या त्यापूर्वीही होत्या. नवे होते ते रूळ. इंग्रजी आठच्या आकड्यात जुळवलेले ते रूळ सुट्या तुकड्यांचे होते आणि दोन रुळांमधील अंतराची, म्हणजे गेजची, ठराविक मापे कंपनीने बांधून दिली होती. आज एक तुकडा घ्यावा, पुढच्या नाताळास दुसरा जोडावा, अशी सोय झाली आणि आगगाडी ही एक वस्तू न राहता वाढता संसार झाली. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांची गाठ न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याशी पडली आणि हुबेहूब इंग्रजी दिसणारी इंजिने जर्मनीत घडू लागली. मात्र त्या काळच्या प्रमुख गेजात रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर असे. त्याचे एक वळण घ्यावयाचे तर अख्खी खोली लागावी. साहजिकच हा शौक दिवाणखाने असणाऱ्यांचा होता.

त्याचा एक साक्षीदार आपल्याकडेही आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील भोजनगृहात लांबच लांब मेजावर रूळ टाकलेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी याच बॅसेट-लोकच्या कारखान्यातून महाराज माधवराव शिंदे यांच्याकडे आलेली चांदीची आगगाडी त्यांवरून मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. डब्यातील पात्र उचलले की ती थांबे, परत ठेवले की चालू लागे. आगगाडी घरात शिरली होती, पण ते घर राजाचे होते. आणि त्या गाडीस कोठून यावयाचे नव्हते, कोठे जावयाचेही नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र पालटू लागले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली ३२ मिलिमीटर गेजच्या किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. १९२२ मध्ये बिंग यांनी त्याच्याही निम्म्या मापाची, टेबलावर मावणारी आगगाडी केली. १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ निघाली आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ मध्यमवर्गीय घरांत रूढ झाला. या लहान मापापायी एक तडजोड मात्र पत्करावी लागली. इंग्लंडची खरी इंजिने अंगाने लहान; त्या प्रमाणात घडविलेल्या प्रतिकृतीच्या पोटात मोटर मावेना. म्हणून इंजिने व डबे फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाने, म्हणजे खऱ्याच्या सुमारे ७६व्या हिश्श्याने केले, आणि रूळ मात्र अरुंदच ठेवले. वास्तविक त्या हिशोबाने दोन रुळांत सुमारे पावणेएकोणीस मिलिमीटर अंतर हवे. ही दोन-सव्वादोन मिलिमीटरची तफावत पुढे कित्येक मंडळींच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत राहिली. खेळणाऱ्यास अशी तफावत सलत नाही. ती सलते खऱ्याची आस लागलेल्यास. या छंदाचे वय वाढल्याची ही पहिली खूण होय.

दुसरी खूण लंडनमधील जॉन अहर्न यांच्या घरी दिसली. १९३०नंतरच्या दशकात त्यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक कल्पित दरी रचावयास घेतली. तोवरच्या मांडण्यांत मान असे तो इंजिनाला. घरे, झाडे ही नुसती शोभा. अहर्न यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या दरीत गावे आधी आली, गल्ल्या, गिरणी, बंदर आले, आणि या वस्तीस लागते म्हणून आगगाडी आली. पुढे पाद्री पीटर डेनी यांनी बकिंगहॅम या खऱ्या गावास एका अशा रेल्वेचा फाटा दिला की जी तेथे कधी पोहोचलीच नव्हती, आणि त्या जगाचा काळ १९०७ या सालावर कायमचा थांबविला. साडेसोळाचा रूळ न मानता त्यांनी अठरा मिलिमीटरचा रूळ टाकला. घरे बदलली तरी ती मांडणी सुट्या भागांनी त्यांच्याबरोबर फिरत राहिली. बदलीच्या नोकरीतील माणसास या पाद्र्याविषयी विशेष आपुलकी वाटली, तर त्यात नवल नाही.

जागेचा प्रश्न धिटाईने सोडविला तो ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी. १९५७ साली त्यांनी ‘मिनोरीज’ नावाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. एका शेल्फावर मावणारे, तरी गजबजलेले शहरी स्थानक कसे साधावे, याचा तो वस्तुपाठ होता. अशा मांडणीत दिसते ते एकच स्थानक. बाकीचे रूळ पडद्याआड लपविलेले. पडद्यामागचे ते चार-सहा रूळ म्हणजे उरलेले सारे जग. गाडी तेथून येते आणि तेथेच जाते. आणखी लहान मांडणी अ‍ॅलन राइट यांची, ‘इंगलनुक’ या नावाची. तीन बगलरूळ, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडावयाच्या आणि निघालेल्या क्रमानेच त्यांची गाडी जुळवावयाची. वरवर पाहता हा अगदीच क्षुल्लक खेळ. पण गणित करून पाहिल्यास असे क्रम ६७२० निघतात. रोज एक गाडी जुळविली तरी अठरा वर्षे पुरावी.

परंतु जागा थोडी असली की खरा प्रश्न येतो तो काय ठेवावे याचा नव्हे, काय गाळावे याचा. आणि काय गाळावे हे ठरविणे म्हणजेच इतिहासकाराचे काम. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातील गवती छपरांची जुनी घरे आपल्या डोळ्यांदेखत पालटत आहेत, हे पाहून तो अस्वस्थ झाला. ती घरे वाचविणे त्याच्या हाती नव्हते, मोजणे होते. मापे घेऊन त्याने ती प्रमाणात उभारावयास घेतली, आणि १९५४ पासून लाँग विटनम येथे त्यातूनच पेंडन संग्रहालय वाढत गेले. अहर्न यांच्या पश्चात मॅडर व्हॅलीलाही आसरा मिळाला तो तेथेच. सर्वांचे नशीब असे नसते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन यांनी घराच्या तळघरात डोंगर-दऱ्यांची एक अद्‍भुत रेल्वे उभारली होती. नव्याकोऱ्या डब्यावर धूळ, गंज, काजळी चढवून त्यास आयुष्य लाभल्यासारखे करावे, हे अनेकांनी त्यांच्याकडूनच उचलले. १९७३च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत ती सारी सृष्टी आगीत भस्मसात झाली.

आता स्वतःविषयी दोन शब्द. ज्या माधवरावांच्या मेजावर चांदीची गाडी फिरे, त्यांच्याच संस्थानात दोन फुटी गेजची खरीखुरी आगगाडीही धावे. ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा तिचा मार्ग २०२० साली ब्रॉडगेजसाठी बंद झाला. नोकरीनिमित्त ग्वाल्हेरास असताना त्या गाडीने मी अनेकदा प्रवास केला होता. गाडी थांबल्यावर, चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर तिचे एक आडवाटेचे स्थानक उभारावयाचे मी मनावर घेतले. ७६व्या हिश्श्याने चार फुटांत खरे तीनशे फूट येतात. स्थानकाचे आवारच त्याहून लांब. रूळ आठ मिलिमीटरचा हवा, बाजारात मिळतो नऊचा. आपल्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात बावीस मिलिमीटर लागतात आणि मिळतात साडेसोळा. त्या मानाने माझी एका मिलिमीटरची लबाडी क्षम्यच म्हणावी लागेल. वापरून वाळविलेली चहाची भुकटी जमिनीवर पसरली, चाळलेली राख खडी म्हणून टाकली, पुठ्ठ्याच्या भिंतींस चुना दिला. पाण्याची टाकी आणि चहाची टपरी यांपैकी एकच मावत होती. टाकी वाफेच्या इंजिनांच्या काळातली. तो काळ मी पाहिला नव्हता. टपरीवर चहा प्यालो होतो. टपरी ठेवली.

सर्वांत अधिक घोटाळा झाला तो टपावरच्या माणसांचा. त्या गाडीच्या डब्यांवर माणसे खच्चून बसत. तसे बसणे नियमाविरुद्ध, म्हणून वेळापत्रकात त्यांस स्थान नाही. तिकिटांच्या हिशोबातही टप असा वर्ग नाही. मी स्वतः कारकून आहे. कागदावर नाही ते घडलेच नाही, असे मानून दिवसाचे आठ तास काम करतो. दोन आठवडे डबे रिकाम्या टपांचेच राहिले. सुबक दिसत, पण ओळखू येईनात. मग एके रात्री तारेची आणि कागदाच्या लगद्याची तेवीस माणसे केली, त्यांतल्या एकाच्या डोक्यास लाल मुंडासे बांधले आणि त्यांस टपावर बसविले. दुसऱ्या दिवशी मूळच्या कैलारसच्या एका शिपायास ती फळी दाखविली. रूळ, टपरी, स्थानक यांकडे त्याने पाहिले न पाहिले. टपाकडे बोट करून तो हिंदीत एवढेच म्हणाला, “ही आमची गाडी.”

फळी मधोमध बिजागरीने दुमडते. बदलीचा हुकूम आला की ती ट्रंकेत कपड्यांखाली मावते. माणसे मात्र काढून वेगळी बांधावी लागतात. प्रवासात ती टपावर टिकत नाहीत.