पेटीतला वारा

लाउडस्पीकरच्या काही पेट्यांना वाटोळे भोक ठेवलेले असते. आतला आवाज बाहेर यावा म्हणून ही खिडकी, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी. पेटीत दाबली गेलेली हवा त्या भोकामागच्या नळीतील हवेला दट्ट्यासारखी पुढेमागे ढकलते, आणि खर्जातल्या एका ठरावीक सुराला ही नळीच बोलू लागते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांनी 1930 साली या योजनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. 1932 साली ते मिळाले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये पेटीचे गणित बसवले, रिचर्ड स्मॉल यांनी पुढे ते वाढवले.

गणित चोख होते; पण ते हळू आवाजाचे. आवाज फार चढवला की नळी फसफसू लागे आणि खर्ज त्या मानाने वाढत नसे. काही बिघडते आहे, एवढेच कानाला कळे. कोठे, हे डोळ्यांनी पाहावयास हवे. आणि हवा तर दिसत नाही!

साधने मात्र जुनीच होती. संगीताच्या बैठकीत सुरांबरोबर गॅसची ज्योत उडते, हे जॉन ले काँट यांनी 1858 साली अमेरिकेत नोंदवले. लंडनला जॉन टिंडल यांनी 1867 च्या सुमारास धुराच्या धारेवर नादाचा परिणाम दाखवला. (आमच्या व्याख्यानमालांतून असे प्रयोग झाले तर काय बहार येईल!) धुराला 1832 पासून ठाऊक असलेल्या स्ट्रोबोस्कोपची जोड द्यावी. सेकंदाला 30 वेळा हलणारी हवा, 29 वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यात, एकदाच सावकाश हललेली दिसते.

त्या उजेडात दट्ट्याची कल्पना टिकत नाही. हवा बाहेर पडते ती सरळ झोताने. आत शिरते ती चहूबाजूंनी गोळा होऊन. फुंकरीने मेणबत्ती विझते, श्वास ओढून विझत नाही, ते याचमुळे. जोर वाढला की झोत नळीच्या काठाशी सुटतो आणि धुराचे कडे गिरक्या घेत दूर जाते. त्याबरोबर गेलेली शक्ती खर्जाला परत मिळत नाही.

नळी रुंद करावी, तर तोच सूर राखण्यासाठी ती लांबही करावी लागते, मग पेटीत मावत नाही. म्हणून तिची दोन्ही तोंडे सनईच्या मुखासारखी पसरट करू लागले. तीही बेतानेच, फार पसरली, तर मोठ्या आवाजाला प्रवाह भिंतीला सोडून आतच घोटाळू लागतो.