मोकळे यंत्र, खोळंबलेली माणसे

2001 चा उन्हाळा. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मी एका कार्यालयाच्या संगणक विभागात काम करीत होतो. एका खोलीत आठ टर्मिनल होते आणि त्यांवर आठ ताई अर्जांची नोंद करीत. आठही टर्मिनल लिनक्सवर चालणाऱ्या एकाच सर्व्हरला जोडलेले होते. त्या सर्व्हरची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, 64 मेगाबाइट होती. ताईंना रोजंदारी अर्जांच्या संख्येवर मिळे.

मार्चनंतर ही संख्या घसरली. महिन्याच्या तक्त्यात प्रत्येकीच्या नावापुढे रोजची सरासरी लिहिलेली असे. तो तक्ता पाहून वरून एक टिपण आले. ठरलेल्या संख्येच्या खाली असणाऱ्यांना पुढच्या महिन्यापासून कमी करावे, असे त्यात म्हटले होते. टिपणावर तांत्रिक अभिप्राय द्यायचे काम माझ्याकडे आले. मी खोलीत गेलो, तेव्हा सर्वांत जुन्या ताई म्हणाल्या, “सर, दुपारी मशीन अडतंय. आमचे हात नाही अडत.”

साहेबांना ते पटत नव्हते, कारण प्रोसेसर बहुतांश वेळ मोकळा असल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते. यंत्र मोकळे आणि माणसे खोळंबलेली, असे कसे होईल? त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना मला संगणकाच्या इतिहासात चाळीस वर्षे मागे जावे लागले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत र. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला टिफरॅक हा संगणक 1960 मध्ये कामाला लागला. त्याची मुख्य स्मृती 2,048 शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा. आजच्या मापाने ही स्मृती जेमतेम 10 किलोबाइट भरते. एवढ्याशा जागेत मोठे गणित बसवायचे, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचे तुकडे करावे लागत. कोणता तुकडा आत ठेवायचा, कोणता केव्हा बाहेर काढायचा, हे सारे तोच ठरवी. जगभर हीच रीत होती. काम कष्टाचे होते, पण त्यात एक सोय होती. यंत्र अडले तर कुठे अडले ते लिहिणाऱ्याला ठाऊक असे, कारण सामानाची ने-आण त्यानेच लावून दिलेली असे.

ही मेहनत यंत्रावर सोपवण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅटलस संगणक उभा केला आणि डिसेंबर 1962 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यात 16 हजार शब्दांची जलद स्मृती होती आणि तिच्या मागे 96 हजार शब्दांचे फिरते चुंबकीय ड्रम होते. दोन्ही मिळून एकच सलग स्मृती आहे, असा भास प्रोग्रॅमला करून दिला जाई. सारी स्मृती 512 शब्दांच्या पानांत विभागलेली असे. हवे ते पान आत नसेल, तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून आणी आणि जागेसाठी दुसरे पान बाहेर धाडी. हीच आभासी स्मृती.

आमच्या शहरातल्या वाचकांना ही रचना सांगायला पाण्याचे उदाहरण पुरते. नाथसागरात पाणी भरपूर असते, पण ते दूर असते. गच्चीवरच्या टाकीत त्याहून कमी, पण जवळ. स्वयंपाकघरातल्या हंड्यात अगदी थोडे आणि हाताशी. हंड्यातले पाणी पुरते तोवर घरात कोणाला जिना आठवत नाही. पाहुणे वाढले आणि हंडा तेवढाच राहिला, की घरातले एक माणूस दिवसभर जिन्यावरच असते. चूल मोकळी असते, स्वयंपाक करणारी व्यक्ती तयार असते, तरी जेवण होत नाही.

संगणकाच्या या अवस्थेला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये तिची कारणमीमांसा मांडली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या वेळी काही ठरावीक पाने लागतात, त्यांना डेनिंग यांनी कार्यसंच म्हटले. चालू प्रोग्रॅमांचे कार्यसंच एकत्र मुख्य स्मृतीत मावतात तोवर सारे सुरळीत चालते. ते मावेनासे झाले, की एकाचे पान आणायला दुसऱ्याचे काढावे लागते आणि पुढच्याच क्षणी तेच परत आणावे लागते. घाण्याच्या बैलासारखे चालणे खूप होते, अंतर काही कापले जात नाही. यात मेख अशी, की वेग हळूहळू उतरत नाही. एक हद्द ओलांडली की तो एकदम कोसळतो. प्रोसेसर मात्र पानांची वाट पाहत रिकामा बसतो. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला यंत्राकडे काम कमी आहे असे वाटते आणि तो आणखी काम लादतो.

म्हणजे भास देणाऱ्या यंत्राबरोबर त्या भासाचा हिशेब मागण्याची सोयही हवी होती. ती युनिक्सबरोबर आली. डेकच्या व्हॅक्स संगणकासाठी बेल प्रयोगशाळेने केलेल्या युनिक्समध्ये पानांची अदलाबदल नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी ती बसवली, आणि 1979 च्या अखेरीस ही आवृत्ती बाहेर पडली. त्यांच्यापुढे एक पेच होता. कोणते पान अलीकडे वापरले गेले याची नोंदच व्हॅक्सचे हार्डवेअर ठेवत नसे. मग काढून टाकायचे पान निवडायचे कसे? त्यांनी युक्ती केली. पान आत असूनही ते ‘नाही’ अशी खूण करायची. कोणी ते मागितले की यंत्र थबकते, आणि त्या थबकण्यातून वापर कळतो. जे दिसत नाही ते मोजायची वाट त्यांना अशी काढावी लागली.

व्हीएमस्टॅट ही आज्ञा बर्कलेच्या या घराण्यातली. लिनक्ससाठी ती 1994 मध्ये हेन्री वेअर यांनी लिहिली. चित्र नाही, रंग नाही, फक्त आकड्यांची ओळ. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी बांधलेली नहर जमिनीखालून वाहते. वरून चालणाऱ्याला आतले पाणी कळत नाही, वाटेतल्या उघड्या मुखांशीच ते कळते. ही आज्ञा म्हणजे तसे एक मुख.

त्या दुपारी मी सर्व्हरवर ‘व्हीएमस्टॅट 5’ असे लिहिले. दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटू लागली. सोळा रकाने होते, पण माझे लक्ष चारांवर होते. ‘आर’ म्हणजे प्रोसेसर मिळण्याच्या रांगेतली कामे. ‘बी’ म्हणजे चकतीसारख्या कशासाठी तरी अडून राहिलेली कामे. ‘एसआय’ म्हणजे चकतीवरून स्मृतीत परत आणलेला माल आणि ‘एसओ’ म्हणजे स्मृतीतून चकतीवर हलवलेला.

पहिल्याच ओळीने मी फसलो असतो. तीत सारे शांत दिसत होते. पण या आज्ञेची पहिली ओळ त्या क्षणाची नसते. यंत्र सुरू झाल्यापासूनची ती सरासरी असते. सर्व्हर कित्येक दिवस चालू होता आणि रात्री तो रिकामाच असे. तेवढ्या रात्रींनी भागल्यावर दुपारचे दोन कुठे दिसणार? ताईंच्या नावांपुढचे आकडेही सरासरीच होते, हे मला तिथे उभे असताना लक्षात आले.

दोन वाजेपर्यंत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ शून्यावर होते. दोननंतर दोन्ही रकाने भरले आणि शून्यावर परत येईनात. ‘आर’ मध्ये एखादेच काम, ‘बी’ मध्ये मात्र चार-पाच. प्रोसेसर मोकळा असल्याचा आकडा तरीही मोठाच होता. साहेबांनी पाहिलेला तो हाच. त्या काळच्या लिनक्समध्ये चकतीची वाट पाहण्यात गेलेला वेळसुद्धा मोकळ्या वेळातच धरला जाई. ‘डब्ल्यूए’ हा वेगळा रकाना 2003 अखेरच्या 2.6 आवृत्तीबरोबर रुळला. वाट पाहणे आणि रिकामे बसणे यांतला फरक यंत्राच्या हिशेबातही उशिरा आला.

कारण किरकोळ निघाले. जेवणाच्या सुट्टीनंतर कोणीतरी एकत्रित यादीचा प्रोग्रॅम लावत असे, आणि तो सारी नोंदवही एकदम स्मृतीत ओढून घेई. मी तीन दिवस आकडे वहीत उतरवले आणि ती वही अभिप्रायाला जोडली. यादीचे काम रात्री नऊला हलवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘एसओ’ चा रकाना शून्यावर होता. टिपण मागे घेतले गेले. स्मृती वाढवली ती पुढच्या वर्षी.

पुढे आकडे अधिक बोलके झाले. लिनक्स उरलेली स्मृती फायली हाताशी ठेवायला वापरतो, म्हणून ‘फ्री’ चा आकडा नेहमी लहान दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. 2014 मध्ये, 3.14 आवृत्तीत, खरोखर किती स्मृती देता येईल याचा वेगळा अंदाज दाखवला जाऊ लागला. 2018 अखेरच्या 4.20 आवृत्तीत तर कामे साधनांअभावी किती वेळ खोळंबली हेच थेट मोजायची सोय आली. ती फेसबुकमधल्या अभियंत्यांनी लिहिली होती. यंत्र किती राबले यापेक्षा काम किती अडले हे विचारायला एवढी वर्षे लागली. त्या खोलीतल्या ताईंनी ते 2001 मध्येच सांगितले होते.

टिपण मागे घेतले तेव्हा खोलीत सात जणी होत्या. आठव्या ताईंनी ते येण्याची कुणकुण लागताच काम सोडले होते. मी त्यांना निरोप धाडला, पण तोवर त्यांना दुसरीकडे काम लागले होते. वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातली प्रत्येक दिवसाची पहिली ओळ मी तेव्हाच खोडून ठेवली होती.