तेलाचा तवंग आणि माशाचे हृदय

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, त्यावरील कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्याला आणि खाडीतल्या तिवरांना लागला. मासळीबाजारात गिऱ्हाईक कचरू लागले. मासे खाण्याजोगे आहेत का, हाच प्रश्न जो तो विचारत होता. तेलाने माशांचे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

या दुसऱ्या प्रश्नाचे जुने उत्तर सोपे होते. टाकीत मासे ठेवायचे, तेल मिसळायचे आणि ९६ तासांत निम्मे मासे किती तेलाने मरतात ते पाहायचे. या कसोटीत बेंझीन, टोल्युईन यांसारखे हलके घटक घातक ठरत. ते लवकर उडून जातात. म्हणून तवंग जुना झाला की धोका टळला, असा समज होता.

मार्च १९८९ मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' फुटले आणि हा समज डळमळला. पिंक साल्मनची अंडी किनाऱ्यालगतच्या वाळू-गोट्यांत असतात. जुन्या तेलातून झिरपणारे बहुवलयी हायड्रोकार्बन अब्जांशात काही भाग इतके असले, तरी गर्भांची हानी होते, असे तिथल्या संशोधकांना आढळले. हलके घटक उडाले, की उरलेल्या तेलात याच घटकांचे प्रमाण वाढते!

ते करतात तरी काय? २००४च्या सुमारास जॉन इन्कार्डोना व सहकाऱ्यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक गर्भात पाहिले, की फेनान्थ्रीनसारखी तीन वलयांची संयुगे हृदयाचे ठोके बिघडवतात. हृदयाभोवती पाणी साचते आणि पुढे शरीराची घडणही बिघडते. २०१४ साली ट्यूनाच्या हृदयपेशींवरील प्रयोगांनी कारण दाखवले: पेशीतील पोटॅशियम व कॅल्शियम आयनांची ये-जा कच्च्या तेलामुळे अडते.

ही झाली कच्च्या तेलाची गोष्ट. जहाज चालते ते बहुधा शुद्धीकरणानंतर उरलेल्या जड तेलावर, आणि त्यात ही वलयी संयुगे अधिक असतात. नोव्हेंबर २००७ मध्ये 'कॉस्को बुसान'मधून असे तेल सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सांडले. पुढच्या हिवाळ्यात पाण्याखाली पिंजऱ्यांत ठेवलेल्या हेरिंगच्या गर्भांचे हृदय मंदावलेले आढळले. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या उथळ जागी घातलेल्या अंड्यांतले गर्भ मोठ्या संख्येने मेले होते. तेलाच्या काही घटकांवर सूर्यप्रकाश पडला, की ते अधिक विषारी होतात, हे त्याचे संभाव्य कारण.

आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ती मुख्यतः अनेक जातींच्या प्रजननाचा तो काळ म्हणून. चित्राचे तेल आले ते नेमके त्याच दिवसांत, आणि कोळंबी, बोय यांची पिल्ले जिथे वाढतात त्या तिवरांपर्यंत. मुंबईच्या खाडीचे पाणी गढूळ आहे, प्रकाश फार खोल जात नाही. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. त्यासाठी अंडी पिंजऱ्यात घालून याच पाण्यात ठेवावी लागतील.