खोक्यावर लिहिलेलं ‘खराब’

मामाच्या पत्र्याच्या ट्रंकेत अँप्लिफायरसोबत पुठ्ठ्याची अकरा खोकी निघाली. प्रत्येकात एक व्हॉल्व्ह आणि प्रत्येकावर पेन्सिलीने साल आणि एकच शब्द: खराब. ७७ खराब, ७९ खराब, ८१ खराब. सगळ्या व्हॉल्व्हचा नंबर एकच, ईएल८४. काही परदेशी, बाकीचे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बीईएलचे.

मामा सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याचा अँप्लिफायर घुमायचा. व्हॉल्व्ह बदलला की काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. संयोजक वैतागले, गिटार मागच्या रांगेत गेली आणि एक दिवस मामा घरी बसला. कारण विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: “देशी व्हॉल्व्ह रे. आपल्याकडे माल कुठे धड बनतो?”

मी सॉफ्टवेअरवाला, शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण व्हॉल्व्ह आम्हाला इतिहासजमा म्हणून एका तासात शिकवून संपवला होता. तरी द्वारका चौकाजवळच्या माझ्या फ्लॅटमध्ये, खाली मुंबई-आग्रा महामार्गाचे हॉर्न ऐकत, मी ती पेटी उघडली.

आधी त्या नंबराबद्दल. युरोपीय पद्धतीत त्याचं प्रत्येक अक्षर बोलतं. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, एल म्हणजे पॉवर पेंटोड, ८ म्हणजे नऊ पिनांचा काचेचा तळ. अमेरिकेत हाच व्हॉल्व्ह ६बीक्यू५. बीटल्सनी गाजवलेल्या व्हॉक्स एसी३० मध्ये असे चार असतात. बीईएलची स्थापना १९५४ ची. १९६१ मध्ये तिने हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला आता देशातच बनलेला व्हॉल्व्ह मिळू लागला. परदेशी काढा, बंगळुरूचा बसवा. नंबर जुळला की पिना जुळल्या.

पण नंबर हमी देतो ती जातीची, एकेका नगाची नाही. हे समजायला बायस समजून घ्यावा लागतो. शेतातल्या चारीचं दार डोळ्यांपुढे आणा. व्हॉल्व्हमधली ग्रिड हे ते दार, आणि गाणं सुरू नसताना ते किती उघडं ठेवायचं हे ठरवतो तो बायस. फार उघडं राहिलं तर व्हॉल्व्ह तापतो, आतली प्लेट लालबुंद होते. फार मिटलं तर बारीक आवाज फाटतो. एकाच नंबराचे दोन व्हॉल्व्ह एकाच दारातून वेगवेगळं पाणी सोडतात, कारण कॅथोडवरचा लेप, तारांमधलं अंतर आणि झालेली झीज सारखी नसते.

यावर दोन उपाय रूढ झाले. मोठ्या अँप्लिफायरमध्ये ग्रिडला वेगळा ऋण व्होल्टेज देतात. तिथे व्हॉल्व्ह बदलला की बायस पुन्हा लावावाच लागतो. लहानांत कॅथोडखाली एक रेझिस्टन्स असतो. प्रवाह वाढला की त्यावरचा व्होल्टेज वाढतो आणि दार आपोआप थोडं मिटतं. मामाचा अँप्लिफायर दुसऱ्या प्रकारचा. दोन ईएल८४, प्रत्येकाखाली २७० ओहमचा वेगळा रेझिस्टन्स.

मी ऑनलाइन मागवलेली नवी, जुळवलेली जोडी बसवली. पेटी घुमलीच. हा आवाज साधारण १०० हर्ट्झचा होता, गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत जो सूर लागतो त्याच्या जवळपास. हीटरच्या तारांतून शिरणारी घूं सहसा ५० हर्ट्झची असते. १०० म्हटलं की बोट पॉवर सप्लायकडे जातं. पण अशा जोडीत दोन्ही व्हॉल्व्ह सारखा प्रवाह ओढत असतील तर सप्लायची घूं ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडून काढते. ती ऐकू येते याचा एक अर्थ असाही होतो की जोडी समतोल नाही.

मोजलं. एका कॅथोडवर १०.३ व्होल्ट, दुसऱ्यावर १५.१. २७० ने भागलं की ३८ आणि ५६ मिलिअँपिअर. दुसऱ्याच्या प्लेटवर १४ वॅटच्या आसपास भार पडत होता. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅटची. मनात पहिला विचार आला तो अगदी मामाचाच: यातला एक नग खराब निघाला.

मग, प्रोग्रॅममधली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय कामी आली. पेटी बंद केली, मोठ्या कंडेन्सरमध्ये उरलेला जीवघेणा चार्ज काढला आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या जागांची अदलाबदल केली. जास्त प्रवाह व्हॉल्व्हबरोबर गेला तर दोष व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिला तर दोष जागेचा.

तो जागेवरच राहिला.

त्या जागेच्या ग्रिडवर शून्य व्होल्ट असायला हवे होते, होते साडेसहा. मागच्या टप्प्यातून फक्त सूर पुढे सोडायचा आणि तिथला मोठा डीसी व्होल्टेज अडवायचा, एवढंच काम असलेला एक कंडेन्सर गळत होता. दार सतत थोडं लोटलेलं. तिथे बसणारा प्रत्येक व्हॉल्व्ह, देशी असो की विलायती, जास्तच तापणार होता. तापला की मामा तो काढणार होता आणि खोक्यावर ‘खराब’ लिहिणार होता. जोडीतला धडका व्हॉल्व्ह त्या जागी बसला, की पुढची पाळी त्याची.

कंडेन्सर बदलला. घूं गेली. मग अकराही जुने व्हॉल्व्ह एकेक करून लावले. चार खरंच थकलेले होते, प्रवाह निम्म्यावर आलेला. एकाला पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकरमधून टण् असा आवाज यायचा. उरलेले सहा ठणठणीत निघाले, त्यांतले चार बीईएलचे.

मामाला फोन केला. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अरे, मीटर होतं की माझ्याकडे. ग्रिडवर लावून बघायचं सुचलंच नाही. खोक्यावर बंगळुरू लिहिलेलं, बास.”

तो काही मूर्ख नव्हता. परदेशी ते चोख आणि देशी ते कामचलाऊ असं मानणारा तो एकटाही नव्हता. त्याच्या यादीत ७७ चा पहिला ‘खराब’ व्हॉल्व्ह परदेशीच होता. तो बदलताना मामाने “म्हातारा झाला होता” अशी त्याची समजूत घातली होती. पुढचे देशी निघाल्यावर मात्र समजूत घालायची गरज उरली नाही. मीही नव्या जोडीला दोष देताना पाकिटावरचा देश आधी वाचला होता.

सहा खोक्यांवरचा शब्द मी खोडरबराने पुसलाय. साल तसंच ठेवलंय. पुढच्या रविवारी मामा गिटार घेऊन येणार आहे. तारा नव्या आणायला सांगितल्यात.